उरलेल्या दिवसांची सोबत

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या मंगल वर्षात असाध्य दुखण्याचा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल, काहींना तो अप्रशस्तही वाटेल. ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आपल्या अंगवळणी पडली आहे. या म्हणीतला नाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या बदनाम झाला. पण मांडवाला खरोखरच आग लागलेली असेल, तर ते सांगणारा कोणीतरी लागतोच, हे मात्र कोणी ध्यानात घेतले नाही. आई किंवा वडील यांना कर्करोग झाला आहे आणि तो बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, असे ज्या दिवशी घरात कळते, त्या दिवशी प्रत्येक घराला असा एक नाऱ्या हवा असतो. आजचा विषय त्या दिवसाचा आणि त्यानंतर उरलेल्या दिवसांचा आहे.

हैदराबादेतील मराठी समाजापुरते बोलायचे, तर हा विषय दूरचा राहिलेला नाही. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील जुन्या घरांतून आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत असतात. ग्रंथालयाचे जुने सभासद या पिढीतलेच आहेत. तेव्हा आजारी आईवडिलांना सोबत कशी करावी, हा प्रश्न ग्रंथालयाच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. सुश्रुतसंहितेत गाठीच्या रोगाला ‘अर्बुद’ म्हटले आहे. ग्रीक वैद्यांनी त्याला खेकड्याचे नाव दिले आणि त्यावरूनच आपला ‘कर्करोग’ आला. घरात मात्र यांपैकी एकही शब्द उच्चारला जात नाही. ‘गाठ आहे’, ‘जरा मोठे दुखणे आहे’, ‘तो रोग’ अशी आडवळणाची भाषा सुरू होते. दुसरा शब्दांचा घोटाळा याहून गंभीर आहे. डॉक्टर म्हणतात, ‘हा आजार आता बरा होणार नाही.’ घरचे ऐकतात, ‘आता काही करता येणार नाही.’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रोग हटवता आला नाही, तरी वेदना हटवता येतात, धाप कमी करता येते, मळमळ थांबवता येते, झोप आणता येते. या उपचारांचे एक स्वतंत्र शास्त्र असून त्याला उपशामक सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, असे म्हणतात. ती अखेरच्या चार दिवसांतच घ्यायची असते, हा गैरसमज आहे. निदान झाल्यापासून, इतर उपचार चालू असतानाही ती घेता येते आणि जितकी लवकर घ्यावी तितका रुग्णाला अधिक आराम पडतो.

आता पहिला आणि सर्वांत कठीण प्रश्न. सांगायचे की नाही?

आपल्याकडे तपासणीचा अहवाल रुग्णाच्या हाती क्वचितच पडतो. तो थोरल्या मुलाच्या किंवा जावयाच्या हाती जातो आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच ठरते, ‘बाबांना काही सांगायचे नाही. खचतील.’ या निर्णयामागे प्रेम असते, यात शंका नाही. परंतु त्याचे परिणाम काय होतात, हे पाहायला हवे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत आजाराचे नावदेखील आलेले नाही. त्यातील रुग्णाला वेदनेइतकाच छळ होतो तो भोवतीच्या खोटेपणाचा. आपण मरणार हे त्याला कळले आहे, घरच्यांनाही कळले आहे, आणि सगळे मिळून साध्या दुखण्याचे नाटक करीत आहेत. गेरासिम हा खेडवळ नोकर तेवढा खोटे बोलत नाही. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून तासन्‌तास बसतो आणि त्या घरात मालकाला विसावा मिळतो तो त्याच्याजवळच.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष घडलेले आहे. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांच्या वृद्ध आईला १९६३ च्या अखेरीस, पडून हाड मोडल्याचे निमित्त होऊन रुग्णालयात नेले. तेथे कर्करोग असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली, आईला मात्र पोटातल्या सुजेचे कारण सांगण्यात आले. सत्याचा आयुष्यभर आग्रह धरणारी ही विदुषी, आपल्या बहिणीसह, आईजवळ बसून खोटे बोलत राहिली. पुढल्याच वर्षी तिने या दिवसांवर एक छोटे पुस्तक लिहिले. थोर बुद्धीच्या माणसालाही हा प्रश्न किती अवघड जातो, हे त्यातून कळते. म्हणून ज्यांनी आईवडिलांपासून बातमी लपवली, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण लपवणे हाच एकमेव दयाळू मार्ग आहे, असे समजण्याचेही कारण नाही.

वस्तुस्थिती अशी की, रुग्णाला बहुधा कळलेलेच असते. अंगावरचे कपडे सैल होतात, पाहुण्यांची वर्दळ वाढते, परदेशचा मुलगा रजा नसताना येतो आणि त्याचे डोळे सुजलेले असतात. यातून जे समजायचे ते समजते. मग मुलांना त्रास नको म्हणून आई बोलत नाही, आईला त्रास नको म्हणून मुले बोलत नाहीत आणि एकाच घरात दोन बाजूंना दोन एकटेपणे नांदू लागतात. ज्या काळात एकमेकांची सर्वाधिक गरज असते, तोच काळ अभिनयात खर्च होतो.

याचा अर्थ निदान होताच अहवाल वडिलांच्या अंगावर फेकावा, असा नाही. सांगण्याची एक रीत आहे. आधी बोलायचे नसते, विचारायचे असते. ‘बाबा, या दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’, ‘डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं तुम्हाला ऐकायचं आहे, की आम्हीच पाहून घ्यावं?’ असे विचारल्यावर कोणी वडील म्हणतील, ‘सगळं सांगा, मला कामं उरकायची आहेत.’ कोणी आई म्हणेल, ‘मला नका सांगू, तुम्ही आहात ना!’ दोन्ही उत्तरे मान्य करावीत. जाणून घेणे हा जसा रुग्णाचा अधिकार आहे, तसाच न जाणून घेणे हाही आहे. मात्र ती निवड त्याची असावी, व्हरांड्यात उभ्या असलेल्या नातेवाइकांची नसावी. जेवढे विचारले जाईल तेवढे खरे सांगावे. न विचारलेले रेटू नये, विचारलेले मोडून-तोडून सांगू नये. आणि ‘मी किती दिवसांचा सोबती?’ या प्रश्नाला नेमकी तारीख देऊ नये. ती डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ‘वर्षांपेक्षा महिन्यांचा हिशेब धरावा’ अशा भाषेत ते सांगू शकतात आणि योजना आखायला तेवढे पुरते.

हे कळल्यावर रुग्णाच्या मनाचे काय होते? एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर विदुषीने १९६९ साली आपल्या ग्रंथात नकार, संताप, सौदेबाजी, विषाद आणि स्वीकार अशा पाच अवस्था वर्णिल्या. या पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात असे मात्र नाही. सकाळी स्वीकार असतो, दुपारी संताप. आयुष्यभर शांत असलेले वडील वरणात मीठ जास्त झाले म्हणून ताट सारतात. तो राग मिठाचा नसतो, सुनेवरचा तर मुळीच नसतो. एवढे घरातल्यांनी ओळखले, तरी निम्मा कलह टळेल.

आता वेदनेकडे वळू. आधुनिक उपशामक सेवेच्या प्रवर्तक सिसली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते, तिला मनाचे, कुटुंबाचे आणि श्रद्धेचेही पदर असतात, हा त्यांचा सिद्धान्त आज सर्वमान्य आहे. शरीराच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली: साध्या वेदनाशामकापासून आरंभ करावा आणि गरजेप्रमाणे मॉर्फिनपर्यंत जावे, औषध शक्यतो तोंडाने द्यावे, आणि दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे.

मॉर्फिन म्हटले की आपल्या घरांत धसका बसतो. ‘व्यसन लागेल’, ‘म्हणजे अखेर जवळ आली’ असे बोलले जाते. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने कर्करोगाच्या रुग्णाला व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते आणि त्यामुळे मरण लवकर ओढवते असेही नाही. बद्धकोष्ठ होतो, त्यासाठी पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे लागते. आरंभी थोडी गुंगी व मळमळ असते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. दैवदुर्विलास असा की, मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकत असे आणि तिच्यापासून होणारे मॉर्फिन मात्र आपल्याच रुग्णांना मिळत नसे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले होते की, बहुतेक रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. केरळात डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कालिकतला वेदना व उपशामक सेवेचे केंद्र काढले. त्यांच्यासारख्यांनी चालवलेल्या दीर्घ खटपटीनंतर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट पुष्कळ सुकर झाली. तरीही ‘एवढे दुखायचेच’ असे म्हणणारे डॉक्टर आणि ते निमूट ऐकणारे नातेवाईक आजही भेटतात. सहन करणे हे तप नव्हे. दुखत असल्यास सांगावे, पुन्हा सांगावे, आणि ऐकले जात नसेल तर दुसरीकडे जावे.

कोठे जावे? मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून सर्वांना माहीत आहे. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारज्याला सिप्ला संस्थेचे केंद्र १९९७ पासून आहे. आपल्या शहरात मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे सरकारी कर्करोग रुग्णालय १९५५ पासून असून तेथे उपशामक सेवेचा विभाग आहे. ‘स्पर्श’ हे हॉस्पिसही येथलेच. यांपैकी कित्येक ठिकाणी रुग्णाला दाखल न करताही, घरी कशी काळजी घ्यावी याचे शिक्षण नातेवाइकांना मिळते. पैशाचा विचार लाज न बाळगता करावा. आयुष्मान योजनेचे कवच २०२४ पासून सत्तर व त्यावरील वयाच्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता खुले झाले आहे. त्याची चौकशी आरंभीच करावी. जो उपचार आयुष्य थोडे लांबवील पण त्रास पुष्कळ देईल, त्यासाठी घर विकावे काय, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावा: ‘या उपचाराने नेमके काय साधेल? न घेतल्यास काय होईल? तुमच्या वडिलांसाठी तुम्ही काय निवडले असते?’ प्रश्न घरून लिहून न्यावेत, आणि सगळे कागद एका फायलीत एकाच माणसाकडे असावेत.

घरातली सर्वांत मोठी लढाई मात्र ताटापाशी होते. ‘दोन घास तरी खा’ हे आपल्या मायेचे बोधवाक्य आहे. आई खात नाही, म्हणजे आपण सेवेत उणे पडलो, असे लेकीला वाटते. वैद्यकशास्त्र निराळे सांगते. वाढलेल्या कर्करोगात भूक मरते ती रोगामुळे, आणि जबरीने भरवल्याने अंगी लागत नाही. उलट ओकारी होते, पोट फुगते, ठसका लागतो. म्हणून विचारून, मागेल तेव्हा, मागेल तेवढेच द्यावे. दोन चमचे कढी, पेजेची निवळ, चोखायला बर्फाचा खडा. तोंड कोरडे पडते, ते ओल्या कापसाने वारंवार पुसावे, ओठांना तूप लावावे. चार घास भरवण्यापेक्षा ही सेवा अधिक मोलाची आहे.

सेवेचा भार कोणावर पडतो, हेही स्वच्छपणे बोलले पाहिजे. आईवडिलांच्या सेवेसाठी देवाला विटेवर तिष्ठत ठेवणारा पुंडलिक आपण पूज्य मानतो. पण बहुतेक घरांत पुंडलिकाचे नाव मुलाला मिळते आणि रात्रीची जागरणे सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येतात. १८८६ साली रामकृष्ण परमहंस घशाच्या कर्करोगाने काशीपूरच्या बागेतील घरात अंथरुणाला खिळले होते. तेथे त्यांच्या तरुण शिष्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि पथ्याचे अन्न शारदादेवी रांधीत. ज्यांना आपण अध्यात्माचे शिखर मानतो, त्यांच्या सेवेतही पाळ्या लावाव्या लागल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दर आठवड्याला घराने बसून ठरवावे की, रात्र कोणाची, औषध कोणाचे, बँक कोणाची, आणि सेवा करणाऱ्याच्या झोपेची जबाबदारी कोणाची.

दूर असलेल्या मुलांसाठी एक शब्द. अमेरिकेतील वैद्यकीय लेखनात ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ अशी एक संज्ञा रूढ आहे. कित्येक महिने दूर असलेले अपत्य अखेरच्या आठवड्यात येते आणि मनातल्या अपराधी भावनेपायी, जवळच्यांनी विचारपूर्वक घेतलेले सारे निर्णय उलटवू पाहते: आयसीयूत हलवा, आणखी एक इंजेक्शन द्या, डॉक्टर बदला. आपल्याकडे ही मुलगी कॅलिफोर्नियाहून आणि न्यू जर्सीहून अशी दोन्हीकडून येते आणि पुष्कळदा ती मुलगा असते. दुरून आलेल्याने पहिले दोन दिवस केवळ ऐकावे, आणि जो जवळ राहिला त्याला सक्तीने झोपायला पाठवावे. तीही मोठी सेवा आहे. पैसे पाठवणे हीसुद्धा सेवाच आहे. तिला कमी लेखू नये.

आईवडिलांची काही कामे त्यांच्या हयातीतच उरकतात. मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन, घराचे कागद ही झाली व्यवहाराची कामे. या शहरातील जुन्या घरांच्या ट्रंकांतून निजामी काळातील उर्दू दस्तऐवज निघतात. ते कशाचे आहेत, कोणत्या जमिनीचे, कोणत्या काकांच्या वाटणीचे, हे सांगू शकणारे माणूस घरात एकच उरलेले असते. कृत्रिम श्वासयंत्र लावावे की नाही, याविषयीची इच्छाही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पूर्वेच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची कार्यपद्धती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. ते नसेल तर तो निर्णय ऐन वेळी मुलांना घ्यावा लागतो, आणि घेतल्यानंतर तो जन्मभर बोचतो.

व्यवहारापलीकडचीही कामे असतात. जुन्या छायाचित्रातील माणसे कोण, पोलिस ॲक्शनच्या वर्षी आजोबांनी घर कसे राखले, गोडा मसाल्याचे आईचे प्रमाण काय, कोणाशी अबोला होता आणि तो मिटवायचा आहे काय, हे विचारून घ्यावे. अशा विचारण्याने रुग्ण खचत नाही. आपल्याकडे अजून देण्यासारखे काही आहे, हे त्याला उमगते आणि तो काही काळ रुग्ण न राहता पुन्हा आई होतो, वडील होतो. शरपंजरी पडलेल्या भीष्मांजवळ युधिष्ठिर राजधर्म विचारायला गेला, याचे मर्म हेच असावे. युद्ध जिंकलेल्या राजाला उपदेशाची जेवढी गरज होती, तेवढीच बाणांवर पडलेल्या पितामहांना विचारले जाण्याचीही असेल.

अखेरच्या दिवसांत बोलणे कमी होते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वासाची लय बदलते आणि घशात घरघर येऊ शकते. ही लक्षणे आधी माहीत असतील, तर मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावण्याची घाई होत नाही. घर की रुग्णालय, हे रुग्णाला आधीच विचारून ठेवावे. ऐकण्याची शक्ती बरीच उशिरापर्यंत टिकते असे मानले जाते. म्हणून उशाशी बसून त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलू नये, त्यांच्याशी बोलावे. शब्द सुचत नसतील तर हात हाती धरून बसावे. गेरासिमने तरी दुसरे काय केले होते?

आणि सारे आटोपल्यावर मनात एक प्रश्न उरतोच: आणखी काही करता आले असते का? हा प्रश्न बहुतेक सर्वांना पडतो. ज्यांनी पुष्कळ केले त्यांना तर अधिकच. प्रश्न पडला म्हणजे सेवेत उणीव राहिली, असा अर्थ कोणी काढू नये.

सभासदहो, अशा घरांसाठी ग्रंथालय काय करू शकेल? पुष्कळ करू शकेल. आजारी सभासदाच्या घरी पुस्तक पोचते करता येईल. डोळे थकलेल्या रुग्णाला रोज अर्धा तास वाचून दाखवणारे चार स्वयंसेवक उभे करता येतील. त्या अर्ध्या तासात त्याच्या लेकीला आंघोळ करता येईल, पाठ टेकता येईल. उपशामक सेवा देणाऱ्या संस्थांचे पत्ते सूचनाफलकावर लावता येतील. जुनी कागदपत्रे वाचू शकणाऱ्या ज्येष्ठांची नावे नोंदवून ठेवता येतील. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. कार्यालयात एक वही ठेवावी, तीत वाचून दाखवू इच्छिणाऱ्यांनी आपले नाव आणि सोयीची वेळ लिहावी, आणि हे काम शताब्दी वर्षातच सुरू व्हावे, एवढीच या व्याख्यानाच्या शेवटी विनंती आहे.